गोळी बंद करणार कोण?

डिस्चार्ज कार्डावर गोळी सुरू झाल्याची तारीख असते. ती कधी बंद करायची, हे बहुतेक कार्डांवर नसतं. असतं ते ‘पुढील सूचनेपर्यंत चालू’. ही पुढील सूचना द्यायची कोणी, याचा उल्लेख नसतो, आणि म्हणून ती पुष्कळदा येतच नाही. सर्दी-तापाच्या औषधात यानं फारसं बिघडत नाही. पाच दिवसांचा डोस संपला की माणूस आपोआप थांबतो. हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र ही रिकामी जागा महागात पडते. एखादी गोळी गरज संपल्यावरही वर्षानुवर्षं पोटात जात राहते. आणि जिच्यावर जीव अवलंबून आहे अशी दुसरी गोळी रुग्ण एके दिवशी स्वतःच सोडून देतो. दोन्ही प्रकार एकाच घरात, एकाच डब्यातल्या गोळ्यांच्या बाबतीत घडू शकतात. औषध थांबवणं हाही उपचारच आहे. त्यालाही डॉक्टर लागतो, तपासण्या लागतात, कागद लागतो. आणि त्याची जबाबदारी गोळी सुरू करणाऱ्यानं पहिल्याच दिवशी उचलायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

गारखेड्याचं उदाहरण घेतो. छत्रपती संभाजीनगरनं पोटात घेतलेलं हे एक जुनं गाव. आता सूतगिरणी चौकापासून गजानन महाराज मंदिरापर्यंत कॉलन्या, अपार्टमेंट आणि त्यांच्या खाली मेडिकलची दुकानं. जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतून नोकरीसाठी आलेली आणि इथेच घर बांधून राहिलेली पिढी आता सत्तरीत आहे. मुलं पुण्याला किंवा त्याहून लांब. सकाळी विभागीय क्रीडा संकुलात फिरणाऱ्यांच्या गप्पांत स्टेंट, साखर आणि गुडघे हे विषय हवापाण्याइतके सहज येतात. १९८९ पासूनचं डॉ. हेडगेवार रुग्णालय इथेच आहे, घाटी हे सरकारी रुग्णालय फार लांब नाही, आणि खासगी डॉक्टरांची तर वानवाच नाही. म्हणजे उपचार मिळत नाहीत अशी ही वस्ती नव्हे. म्हणूनच ती या लेखासाठी योग्य. इथे गोळ्या लिहून देणारे भरपूर आहेत.

समजा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. मुलगा पुण्यात, म्हणून बायपास पुण्यात झाली. तिसऱ्या दिवशी त्यांचे ठोके एकाएकी अनियमित आणि जलद झाले. बायपासनंतर साधारण तिघांपैकी एकाला हे होतं. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरचा हा प्रकार बहुतेकांमध्ये तात्पुरता असतो. सूज उतरते, हृदय सावरतं. त्या काही आठवड्यांसाठी डॉक्टर अमिओडॅरोन देतात, ते योग्यच आहे. ठोके ताळ्यावर येतात आणि गृहस्थ घरी येतात. साधारण सहा ते बारा आठवड्यांनी ईसीजीची पट्टी काढून गोळी थांबवायचा विचार व्हावा, अशी अपेक्षा असते. पण पुण्याच्या सर्जनच्या लेखी जखम भरली की त्यांचं काम संपलं. इथले फॅमिली डॉक्टर म्हणतात, मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी मी कशी बंद करू? मेडिकलवाला गोळ्यांची जुनी पट्टी बघून नवी देतो. शेड्यूल एचमधलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं हे त्याला माहीत असतं, आणि समोरच्या काकांना तो दहा वर्षं ओळखत असतो.

चार वर्षं जातात. काका सुस्त होतात, अंग जड, थंडी सोसवत नाही. रक्त तपासलं तर थायरॉईड मंदावलेली. थायरॉईडची गोळी सुरू होते. पुढे कोरडा खोकला, जिना चढताना धाप. कोणी धुळीचा दोष काढतं, कोणी वयाचा. श्वासाचा फवारा सुरू होतो. प्रत्येक नव्या तक्रारीला नवा डॉक्टर आणि नवी गोळी. जुन्या गोळीनं हे झालं असेल का, हा प्रश्न कोणाच्याच खोलीत विचारला जात नाही, कारण ती गोळी त्या खोलीतल्या डॉक्टरची नसते. १९९७ मध्ये रोशॉन आणि गुरविट्झ या दोन संशोधकांनी या साखळीवर लिहिलं होतं. औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर आणखी औषध देणं, हा त्यांचा विषय. गारखेड्यातल्या कित्येक प्लास्टिकच्या पिशव्यांतल्या फायली या साखळीचे कागद आहेत, असं मला वाटतं.

अमिओडॅरोन हे औषध मुळातच चमत्कारिक. इजिप्तमध्ये खेल्ला नावाची एक वनस्पती मूतखड्यावर वापरत. तिच्यातल्या खेलिन या द्रव्यानं छातीतलं दुखणंही कमी होतं, हे कैरोत काम करणाऱ्या आन्रेप या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. त्या धाग्यावरून १९६१ मध्ये बेल्जियमच्या लाबाझ कंपनीत हा रेणू तयार झाला, तोही छातीदुखीसाठी. ठोक्यांवरचा त्याचा परिणाम १९७० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये ब्रह्मा सिंग यांनी दाखवला. सिंग हे फिजीत जन्मलेले भारतीय वंशाचे डॉक्टर. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती १९८५ च्या डिसेंबरात, आणि तोवर जगभर ते इतकं वापरलं जात होतं, की परवानगी म्हणजे मागाहून मारलेला शिक्का होता. ते आजही वापरात आहे, कारण ते खरोखर काम करतं. हृदयाचा पंप अशक्त असलेल्या रुग्णाला ठोक्यांची बाकी बरीच औषधं देता येत नाहीत. हे देता येतं. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि असायलाच हवं.

पण या रेणूच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीन असतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन, त्यातलं सहा-सात मिलिग्रॅम रोज शरीरात मोकळं होतं. माणसाला दिवसाला लागतं ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे गरजेच्या चाळीसपट आयोडीन रोज थायरॉईडवर आदळतं, वर्षानुवर्षं. मग ती ग्रंथी कोणाची मंदावते, तर कोणाची भडकते, यात नवल कसलं? डोळ्याच्या बुबुळावर बारीक कण तर जवळजवळ सगळ्यांच्याच जमतात, त्यानं सहसा दृष्टी बिघडत नाही. फुप्फुसांवर होणारा परिणाम थोड्यांनाच होतो, पण तो जिवावर बेतू शकतो. कातडीला ऊन सोसत नाही. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जाणाऱ्या आमच्या शहरात, दुचाकीवरून बाजारहाट करणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलेलं असतं का? म्हणून ही गोळी चालू असेपर्यंत दर सहा महिन्यांनी थायरॉईड आणि यकृताची तपासणी, वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे, असा साधा नियम आहे. साखर दर महिन्याला तपासणारी माणसं हा नियम ऐकून चकित होतात.

आता ती बंद करायची ठरली असं धरू. इथे या औषधाचा दुसरा स्वभाव आडवा येतो. ते शरीरातल्या चरबीत मुरून बसतं. निम्मं बाहेर पडायला सरासरी दोन महिने लागतात, कोणाला तीन आठवडे, कोणाला चार महिन्यांहून जास्त. जायकवाडीतून सोडलेलं पाणी दरवाजे बंद केल्यावरही खालच्या कालव्यात दिवसेंदिवस वाहत असतं, हे आमच्या पाटबंधारेवाल्या काकांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिल्या महिन्यात काहीच होत नाही, आणि माणूस निष्कर्ष काढून मोकळा होतो: बघा, उगाच घेत होतो. त्याचे ठोके तेव्हा सांभाळत असतं ते आधीचंच औषध. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते, आणि तेव्हा धडधड झाली तर तिचा संबंध इतक्या जुन्या घटनेशी कोणी जोडत नाही. उलटही होतं. थायरॉईडची गडबड गोळी बंद केल्यानंतर कित्येक महिन्यांनी उगवू शकते. तेव्हा वर्षभर तरी रक्त तपासत राहावं लागतं.

त्याहून नाजूक बाब आहे ती शेजारच्या गोळ्यांची. अमिओडॅरोन सुरू करताना रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा डोस एक तृतीयांश ते निम्म्यानं कमी करावा लागतो, कारण ते वॉरफरिनचा असर वाढवतं. ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या डिगॉक्सिनचा डोसही निम्मा करतात. काळजी घेणारे डॉक्टर हे सुरुवातीला करतात. पण अमिओडॅरोन थांबल्यावर हळूहळू, महिन्यांच्या गतीनं, हे गणित उलटं फिरतं. तोच वॉरफरिनचा डोस अपुरा पडू लागतो, रक्त घट्ट होऊ लागतं. आणि रुग्णाला वाटत असतं, एक गोळी कमी झाली, तब्येत सुधारली. एक गोळी काढली की उरलेल्यांचं माप पुन्हा घ्यावं लागतं, हे सांगणारं माणूस त्या साखळीत हवं. ते नसेल तर बंद न केलेलीच बरी, असं म्हणायची पाळी येते.

डॉक्टर ती का बंद करत नाहीत, याचं सगळं खापर निष्काळजीपणावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. हृदयरोगतज्ज्ञाची बाजू समजून घ्यायला हवी. समोर बसलेला माणूस बरा आहे, ठोके नीट आहेत; हात लावून बिघडवायचं कशाला? त्यानं गोळी थांबवली आणि महिन्याभरात रुग्णाला पक्षाघात झाला, तर नातेवाईक त्याच्या केबिनमध्ये उभे राहतील. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे, हे तो विसरलेला नसतो. याउलट गोळी आठ वर्षं चालू राहिली आणि फुप्फुसं कडक झाली, तर त्याचा जाब विचारायला कोणी येत नाही. केलेल्या गोष्टीचा दोष दिसतो, न केलेल्याचा दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या ओपीडीत चाळीस रुग्ण थांबलेले असताना ‘तेच चालू ठेवा’ लिहायला दहा सेकंद पुरतात. बंद करायचं तर वीस मिनिटं बोलावं लागतं आणि त्या वीस मिनिटांचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

शिवाय काही रुग्णांना ही गोळी जन्मभर लागतेच. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणाऱ्या जीवघेण्या ठोक्यांसाठी ती दिलेली असेल, असे ठोके थांबवायला छातीत बसवलेलं यंत्र वरचेवर विजेचे झटके देत असेल, तर तिथे थांबवण्याची भाषाच करू नये. ठोक्यांच्या काही आजारांत कॅथेटर घालून बिघडलेली जागा जाळून टाकता येते. वरच्या कप्प्यांतल्या फिब्रिलेशनचा उगम बहुधा फुप्फुसांतून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असतो, हे फ्रान्समधल्या बोर्दो शहरात हायसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवलं आणि त्या उपचाराला दिशा मिळाली. पण त्यासाठी आपल्याकडच्या अनेकांना पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं आणि खर्च लाखांत जातो. ज्याला तो परवडत नाही त्याला गोळी हाच पर्याय, हे मान्य करायला हवं. माझा आक्षेप गोळी चालू राहण्याला नाही. ती का चालू आहे हे कोणालाच ठाऊक नसताना चालू राहण्याला आहे.

ठोके सुधारले म्हणजे आयुष्य वाढलं, हा समज एकेकाळी डॉक्टरांचाही होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या ईसीजीत अधूनमधून चुकार ठोके दिसत. ते धोक्याचे, म्हणून ते दाबणारी फ्लेकेनाईड, एन्केनाईड ही औषधं अमेरिकेत सर्रास दिली जात. कागदावरची रेघ सुंदर दिसू लागे. मग कोणीतरी विचारलं, माणसं जगतात का? कास्ट या नावानं ओळखली जाणारी ती चाचणी १९८९ मध्ये मध्येच थांबवावी लागली. या दोन औषधांवरच्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले होते, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. रेघ सरळ करणारं औषध माणूस मारत होतं. अमिओडॅरोननं असं काही केलं नाही, पण २००५ मध्ये अशक्त हृदयाच्या अडीच हजार रुग्णांवरच्या चाचणीत त्यानं आयुष्यही वाढवलं नाही. वाढवलं ते छातीत बसवलेल्या यंत्रानं. ‘पट्टी नॉर्मल आहे, म्हणजे गोळी लागू पडतेय, म्हणजे चालू ठेवा’ हा युक्तिवाद कास्टनंतर तरी कोणी बिनदिक्कत करू नये.

आतापर्यंत मी गोळी न थांबण्याबद्दल बोललो. स्वतःच्या मनानं थांबवणाऱ्यांची संख्याही काही कमी नसावी. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणारी बाई सकाळच्या गोळ्या ‘रिकाम्या पोटी नको’ म्हणून सोडते. वारीला निघालेल्या माणसाची औषधांची पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये राहते आणि ट्रक पुढच्या मुक्कामी. कोणाला शेजारी अर्जुनसालीचा काढा सांगतो, आणि काढा सुरू झाल्यावर ‘ॲलोपॅथीची गरमी’ बंद होते. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत इथे विशेष घातक आहे. ठोक्यांची कित्येक औषधंच वनस्पतींतून आलेली आहेत. डिगॉक्सिन ज्या कुळातलं, ते द्रव्य फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडातलं. विदरिंगनं त्याबद्दल १७८५ मध्ये लिहिलं. १९१२ साली एका डच व्यापाऱ्यानं वेन्केबाख या हृदयतज्ज्ञाला सांगितलं, की मी क्विनाईन घेऊन माझी बिघडलेली नाडी स्वतःच ठीक करतो. त्यातून सिंकोनाच्या सालीतलं क्विनिडिन पुढे आलं. आपल्या सर्पगंधेतून सलीमुज्जमान सिद्दीकींनी १९३१ मध्ये वेगळं केलेलं अजमलिन, हकीम अजमल खानांच्या नावाचं, आजही ठोक्यांचा एक आनुवंशिक विकार ओळखायला वापरतात. आणि बचनागानं ठोके बिघडून माणूस दगावतो, हे तर वैद्यांना केव्हापासून माहीत आहे. घशाला बरं म्हणून रोज चघळलेलं ज्येष्ठमधसुद्धा शरीरातलं पोटॅशियम कमी करतं, आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन विषारी होऊ लागतं. काढा घ्यायचा तर घ्या. डॉक्टरांपासून लपवू नका.

एकाएकी सोडल्यावर काय होतं, हे औषधागणिक वेगळं असतं. अमिओडॅरोन महिनोन्‌महिने रेंगाळतं. मेटोप्रोलॉलसारखं बीटा-ब्लॉकर एक-दोन दिवसांत उतरतं, पण जाताना धक्का देऊन जातं. इतके दिवस दबलेल्या हृदयानं ॲड्रेनलिन पकडायची आपली क्षमता वाढवून ठेवलेली असते. झाकण एकदम उघडलं की नाडी उसळते, छाती भरून येते. प्रोप्रॅनोलॉल अचानक थांबवलेल्या हृदयरोग्यांना झटके आल्याची नोंद १९७५ मध्येच प्रसिद्ध झाली होती. म्हणून ही गोळी एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीनं उतरवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीची तऱ्हा तिसरीच. ती सोडल्यावर काहीही जाणवत नाही. जाणवतं ते एकदम, हात-पाय लुळे पडल्यावर.

याच गोळीबाबत सर्वांत मोठा गैरसमज आहे. ठोके नियमित झाले, आता रक्त पातळ करायची काय गरज? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अफर्म चाचणीत ४,०६० रुग्ण होते. निम्म्यांचे ठोके औषधांनी नियमित ठेवायचा प्रयत्न केला, उरलेल्यांचा फक्त वेग काबूत ठेवला. जगण्यात फरक पडला नाही. पक्षाघात मात्र दोन्हीकडे बहुतेक अशांनाच झाला, ज्यांनी वॉरफरिन सोडलं होतं किंवा ज्यांचं रक्त पुरेसं पातळ नव्हतं. ठोका आपल्या नकळत पुन्हा बिघडतो. पुष्कळांना फिब्रिलेशन जाणवतच नाही. पक्षाघाताचा धोका वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून ठरतो, आज सकाळी बोटाला नाडी कशी लागली यावरून नाही. अलीकडे, २०२५ मध्ये, कोरियातल्या ८४० रुग्णांच्या एका चाचणीत काहींना ही गोळी सुरक्षितपणे थांबवता आली, हेही सांगायला हवं. पण ते यशस्वी कॅथेटर उपचार झालेले आणि नंतर वर्षभर तपासण्यांत एकदाही फिब्रिलेशन न सापडलेले रुग्ण होते. त्यांचा दाखला देऊन गारखेड्यातल्या कोणी आपली पट्टी कचऱ्यात टाकू नये.

आपल्याकडे तर हा रुग्ण नेहमी सत्तरीतला निवृत्त माणूसही नसतो. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप आखडलेली, तिशी-चाळिशीतच ठोके अनियमित झालेली बाई घाटीच्या रांगेत असते. अशा रुग्णांवरची इन्व्हिक्टस ही साडेचार हजारांची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले गणेशन कार्तिकेयन तिच्या प्रमुखांपैकी एक. नव्या, महागड्या, तपासणी न लागणाऱ्या गोळीपेक्षा जुन्या वॉरफरिनच्या कुळातल्या औषधानं त्यात जास्त जीव वाचवले. या बाईनं ती गोळी थांबवायचीच नाही. पण त्या गोळीला दर महिन्याला रक्ताची तपासणी लागते. अंबड किंवा पैठण तालुक्यातून यायचं, मजुरी बुडवायची, एसटीचं भाडं भरायचं, आणि त्या दिवशी यंत्र बंद असलं तर पुन्हा यायचं. तिनं गोळी सोडली तर कागदावर ‘रुग्णाने औषध घेतले नाही’ असं लिहिलं जातं. गोळी तिनं सोडली, की ती चालू ठेवण्याची व्यवस्थाच तिच्यापर्यंत पोचली नाही? मला हा शेरा लिहिणाऱ्यांचा नेहमी राग येतो.

थांबवण्याबद्दलचं ज्ञान इतकं तुटपुंजं का, याचं उत्तर सरळ आहे. औषध सुरू करण्याच्या चाचण्यांना पैसा कंपन्या देतात. बंद करण्याच्या चाचणीतून कोणाची विक्री वाढणार? तरीही सरकारी किंवा विद्यापीठांच्या बळावर ज्या थोड्या झाल्या, त्यांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली आहे. २०२४ मध्ये एका चाचणीनं सांगितलं, की झटक्यानंतर हृदयाचा पंप चांगला असेल तर बीटा-ब्लॉकर सुरू करून विशेष फायदा होत नाही. ती मुख्यतः स्वीडनमधली, पाच हजार रुग्णांची. त्याच वर्षी फ्रान्समधल्या सुमारे ३,७०० रुग्णांच्या चाचणीत, वर्षानुवर्षं ते घेत असलेल्यांचं थांबवून पाहिलं, तर थांबवणं चालू ठेवण्याइतकं सुरक्षित आहे असं सिद्ध करता आलं नाही. सुरू करून फायदा नाही, तरी बंद करणं सुरक्षित असल्याची खात्री नाही! शरीर औषधाशी जुळवून घेतं. थांबवणं म्हणजे सुरू करण्याची उलट पावलं नव्हेत. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात तर अशक्त झालेलं हृदय पूर्ण सावरल्यासारखं दिसणाऱ्या रुग्णांची औषधं देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानं काढली, तेव्हा सहा महिन्यांत २५ पैकी ११ जणांचा आजार परतला. ‘बरं वाटतंय’ आणि ‘बरा झालोय’ यांतलं अंतर डॉक्टरांनाही आधी मोजता आलं नव्हतं.

मग करायचं काय? चिठ्ठीवर, औषधाच्या नावासमोर, आणखी एक ओळ हवी: कशासाठी, कधीपर्यंत, फेरविचार कोण करणार. ‘बायपासनंतरचे अनियमित ठोके, तीन महिन्यांनी पट्टी व होल्टर (दिवसभराची ठोक्यांची नोंद) बघून थांबवणे, जबाबदारी अमुक’. एवढंच. ही ओळ असती तर आमच्या फॅमिली डॉक्टरला मोठ्या डॉक्टरांच्या गोळीची भीती वाटली नसती. शासनाची महात्मा फुले योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते, ही फार मोठी गोष्ट आहे. मग डिस्चार्ज कार्डाच्या छापील नमुन्यात हा रकाना सक्तीचा करायला पैसाही लागत नाही, फक्त एक परिपत्रक लागतं. मराठीत छापलं तर आणखी उत्तम. कोणत्याही रुग्णाच्या फायलीत अमिओडॅरोन आणि थायरॉईडची गोळी ही दोन नावं एकत्र आली की थांबून विचार करायचा, एवढी शिस्त एमडी झालेल्यांना अवघड जाऊ नये. फॅमिली डॉक्टर या संस्थेला आपण मरू दिलं, त्याची किंमत इथे मोजतोय, असं मला वाटतं. पाच तज्ज्ञांच्या गोळ्या एका टेबलावर मांडून बघणारा माणूस तोच होता.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. मी डॉक्टर नाही, आणि हा लेख कोणाची चिठ्ठी नाही. हा वाचून आज रात्रीची गोळी चुकवू नका. पुढच्या भेटीला सगळ्या गोळ्यांची पाकिटं, काढ्याच्या बाटलीसकट, आणि जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा: ही कोणी, कशासाठी सुरू केली होती, आणि ती अजून लागते का? लागत असेल तर कोणत्या तपासण्या करत राहायच्या? थांबवायची असेल तर कशी, किती दिवसांत, आणि त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? उत्तर त्याच चिठ्ठीवर लिहून मागा. डॉक्टर चिडले तरी मागा.